गोळी बदलण्याचा हक्क

जानेवारी २००८. सरकारी दवाखान्यांतून एचआयव्हीची औषधं फुकट मिळू लागून पावणेचार वर्षं होत आली होती. हजारो माणसं मरणाच्या दारातून परत येऊन कामाधंद्याला लागली होती. पण त्यांतल्या काहींचं वजन पुन्हा उतरू लागलं, बारीक ताप राहू लागला, रक्तातल्या रोगप्रतिकारक सीडी-फोर पेशी पुन्हा घटू लागल्या. गोळ्या तशाच चालू होत्या, विषाणू मात्र त्यांना दाद देईनासा झाला होता. अशा रुग्णांसाठी त्या महिन्यात ‘सेकंड लाइन’, म्हणजे औषधांचा दुसरा संच, सरकारने सुरू केला. साऱ्या देशात ठिकाणं दोनच : मुंबईचं जे. जे. रुग्णालय आणि चेन्नईजवळच्या तांबरमचं छातीच्या रोगांचं सरकारी रुग्णालय. तिथेही सरसकट प्रवेश नव्हता. दारिद्र्यरेषेखालची माणसं, विधवा, मुलं आणि सरकारी केंद्रातच ठरावीक काळ औषध घेतलेले रुग्ण यांचाच विचार होणार होता. ज्यांनी आधी पदरमोड करून खासगी डॉक्टरांकडे गोळ्या घेतल्या होत्या, त्यांना या यादीत जागा नव्हती.

एचआयव्हीच्या इतिहासात विषाणू कसा सापडला, पहिलं औषध कसं निघालं, हे पुष्कळदा सांगितलं जातं. औषध बदलण्याचा इतिहास क्वचितच कुणी सांगतं. जे औषध जन्मभर घ्यायचं, ते कधी ना कधी बदलावं लागतंच. कधी ते अंगाला सोसत नाही, कधी टीबीच्या औषधाशी त्याचं जमत नाही, कधी विषाणू त्याला पुरून उरतो, कधी त्याहून चांगलं औषध निघतं. त्या वेळी बदल मिळाला की नाही, यावर असंख्य माणसांचं जगणं-मरणं ठरलं. आणि तो मिळायला जिथे जिथे उशीर झाला, तिथे बहुतेक वेळा डॉक्टरांचं अज्ञान आड आलेलं नव्हतं. आड आली होती ती औषधाची किंमत, न झालेली रक्ततपासणी आणि नियमांनी घातलेली कुंपणं. ही गोष्ट नीट समजायची तर वीसेक वर्षं मागे जायला हवं.

एकेका औषधाचा काळ

एचआयव्हीवरचं पहिलं औषध झिडोव्ह्युडिन. जेरोम हॉर्विट्झ या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते १९६४ मध्ये कॅन्सरसाठी तयार केलं होतं. कॅन्सरवर ते चाललं नाही आणि बाजूला पडलं. १९८६ मध्ये एड्सच्या २८२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १९ जण दगावले, खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी एकच. चाचणी मध्येच थांबवून सगळ्यांना औषध देण्यात आलं, आणि मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. सुरुवातीचा डोस आज ऐकवत नाही : दर चार तासांनी गोळ्या, रात्रीसुद्धा. गजर लावून माणसं मध्यरात्री उठत आणि गोळी घेऊन पुन्हा आडवी होत. त्यातून रक्तक्षय इतका व्हायचा की अनेकांना वारंवार रक्त चढवावं लागे.

एवढं सोसूनही गुण टिकत नसे. हा विषाणू शरीरात दिवसाला अब्जावधी प्रती काढतो आणि प्रत्येक प्रत काढताना चुका करतो. त्या चुकांतून एखादी प्रत अशी निघते की तिच्यावर औषध चालत नाही. बाकीच्या मरतात, ती वाढते. काही महिन्यांत रक्तात तिचंच राज्य होतं. मग डॉक्टर दुसरं औषध देत. डिडॅनोसिन आलं, झाल्सिटाबिन आलं, १९९४ मध्ये स्टॅव्ह्युडिन आलं. पहिलं हरलं की दुसरं, दुसरं हरलं की तिसरं. हा बदल दिसायला समजूतदार होता, पण त्यात रुग्णाचं मोठं नुकसान होत होतं. एकट्या औषधाशी गाठ पडली की विषाणू त्याला सहज हरवत होता आणि रुग्णाच्या हातातलं एकेक हत्यार कायमचं बोथट होत होतं.

१९९६ च्या जुलैमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात भरलेल्या जागतिक एड्स परिषदेने या काळावर पडदा टाकला. वेगवेगळ्या ठिकाणी मारा करणारी तीन औषधं एकाच वेळी दिली तर तिघांनाही चुकवणारी प्रत सहसा निघत नाही आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली जातो, हे तिथे आकड्यांनिशी मांडलं गेलं. औषध बदलायचं तर एकेक करून बदलू नये, संचच बदलावा, हा धडाही त्यातूनच मिळाला. तो शिकवायला जे रुग्ण खर्ची पडले, त्यांची आठवण वैद्यकाने ठेवायला हवी.

मात्र ही तीन औषधं म्हणजे दिवसभराचं बंधन होतं. त्यांतलं इंडिनाव्हिर दर आठ तासांनी घ्यायचं, तेही रिकाम्या पोटी, आणि दिवसभर भरपूर पाणी प्यायचं, नाहीतर मूतखडा व्हायचा. शिवाय हे सारं श्रीमंत देशांपुरतं होतं. २००० च्या सुमारास तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा ते पंधरा हजार डॉलर होता. भारतात ज्यांच्याजवळ थोडेफार पैसे होते ते खासगी डॉक्टरांकडून जेवढी परवडतील तेवढी औषधं घेत : कधी तीनऐवजी दोनच, कधी पैसे संपेपर्यंत. दागिने विकून घेतलेल्या या अपुऱ्या गोळ्यांनी विषाणूला औषधं ओळखायला शिकवलं. पुढे २००८ मध्ये यादीबाहेर राहिलेली माणसं हीच.

एका गोळीत तीन

हे चित्र पालटलं ते मुंबईतून. सिप्ला ही कंपनी ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये स्थापन केली. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांच्या काळात, हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ ए. व्ही. रामा राव यांनी विकसित केलेल्या पद्धतीने सिप्लाने झिडोव्ह्युडिन तयार केलं आणि १९९३ मध्ये परदेशी किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्शात बाजारात आणलं. पण सरकारचा सारा भर तेव्हा प्रतिबंधावर होता, उपचारासाठी पैसा नव्हता. औषध तयार असूनही घेणारं कुणी नव्हतं.

फेब्रुवारी २००१ मध्ये हमीद यांनी जाहीर केलं, की तिन्ही औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये आम्ही ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला देऊ. म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी. त्याच वर्षी सिप्लाची ‘ट्रायोम्यून’ ही गोळी आली. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधं तिच्यात एकत्र होती. सकाळी एक, संध्याकाळी एक, बस्स. मुद्दा असा, की ही गोळी अमेरिकेत किंवा युरोपात निघणं जवळजवळ अशक्य होतं. कारण या तिन्ही औषधांची पेटंटं तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने मात्र औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त ते तयार करण्याच्या कृतीवर मिळे. त्यामुळे वेगळ्या रीतीने तेच औषध बनवणं आणि तिन्ही एकाच गोळीत घालणं आपल्याकडे कायदेशीर होतं.

या तिघांत स्टॅव्ह्युडिनच का? झिडोव्ह्युडिनने रक्तक्षय होतो, त्यामुळे हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. स्टॅव्ह्युडिनला ती अडचण नव्हती. ते स्वस्त होतं, फ्रिजशिवाय टिकत होतं, सुरुवातीला अंगाला सोसत होतं आणि प्रयोगशाळा नसलेल्या गावातही देता येत होतं. मरणाऱ्या लाखो लोकांपर्यंत लवकर पोचायचं तर हीच गोळी हाताशी होती. ऑक्टोबर २००३ मध्ये क्लिंटन फाउंडेशनने भारतीय कंपन्यांशी बोलणी करून वर्षाचा भाव १४० डॉलरच्या आसपास आणला. नोव्हेंबरअखेरीस तेव्हाच्या आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी एक लाख रुग्णांना मोफत उपचारांची घोषणा केली, आणि १ एप्रिल २००४ रोजी दिल्लीसह महाराष्ट्र, तमिळनाडू, आंध्र, कर्नाटक, मणिपूर आणि नागालँड या राज्यांतल्या आठ सरकारी रुग्णालयांत औषधं सुरू झाली.

हिरवी वही आणि बसलेले गाल

एआरटी केंद्रातली, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातली, पद्धत हळूहळू ठरून गेली. केंद्राकडे रुग्णाचं पांढरं कार्ड, रुग्णाकडे हिरवी वही. दर महिन्याला यायचं, उरलेल्या गोळ्यांसकट डबी आणायची. समुपदेशक त्या मोजणार. दिवसाला दोन म्हणजे महिन्याला साठ. त्यांतल्या तीनपेक्षा जास्त चुकल्या तर काळजीचं कारण. नव्या रुग्णाला पहिले चौदा दिवस नेव्हिरापिन दिवसातून एकदाच. अंगावर पुरळ उठलं नाही, कावीळ झाली नाही, तर पुढे दोन वेळा. टीबी असेल तर आणखी पेच. टीबीवरचं रिफॅम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की नेव्हिरापिन शरीरातून लवकर बाहेर टाकलं जातं आणि त्याचं रक्तातलं प्रमाण उतरतं. म्हणून अशा रुग्णाला नेव्हिरापिनऐवजी एफाविरेन्झ द्यावं लागे. आपल्याकडे एचआयव्हीबरोबर टीबी इतक्या सर्रास आढळतो की औषध बदलण्याची ही तऱ्हा केंद्रांतल्या डॉक्टरांच्या अंगवळणी पडली.

निकाल थक्क करणारे होते. स्ट्रेचरवर आलेली माणसं तीन-चार महिन्यांत पायी येऊ लागली. आणि मग, वर्ष-दीड वर्षात, स्टॅव्ह्युडिनने आपली दुसरी बाजू दाखवायला सुरुवात केली.

पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची स्वतःची जनुकीय सामग्री असते आणि तिच्या प्रती काढणारं एक विकर असतं. स्टॅव्ह्युडिन विषाणूला अडवता अडवता त्या विकरालाही अडवतं. मग चरबीच्या पेशी झिजतात, नसांची टोकं दुखावतात. रुग्णाच्या शरीरावर ते असं उमटत गेलं : गालांतली चरबी जाऊन गालफडं बसली, डोळ्यांखाली खड्डे पडले, हातापायांच्या काड्या झाल्या, शिरा दोरीसारख्या वर आल्या. काहींना पोट सुटलं. बैठकीवरचं मांस गेल्याने जमिनीवर बसणं नकोसं झालं. तळपायांची आग होई, मुंग्या येत, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नसे. थोड्या रुग्णांत, विशेषतः स्थूल स्त्रियांत, रक्तात लॅक्टिक ॲसिड साठत जाई. मळमळ, धाप, ग्लानी, आणि वेळीच औषध थांबवलं नाही तर मृत्यू.

बसलेल्या गालांचा अर्थ आपल्या समाजात फार वेगळा होता. जो आजार माणसं सख्ख्या भावापासून लपवत होती, तो आता चेहऱ्यावर वाचता येऊ लागला. गोळ्यांनी जीवदान दिलं आणि गुपित काढून घेतलं. वहीत मात्र सीडी-फोरचा आकडा चढता होता, वजन बरं होतं; कागदावर रुग्ण उत्तम प्रतिसाद देत होता. आणि मरणातून वाचलेल्या माणसाला तळपायांच्या आगीची तक्रार करायला संकोच वाटत होता. अनेकांनी ती तक्रार केलीच नाही. काहींनी न सांगता गोळ्या सोडल्या.

यातलं काहीच वैद्यकाला नवं नव्हतं. स्टॅव्ह्युडिनचे हे दोष १९९० च्या दशकाच्या अखेरीस श्रीमंत देशांत पुरते कळले होते आणि तिथले डॉक्टर ते लिहिणं बंद करत आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये त्यापासून दूर जाण्याची तयारी करा असं सुचवलं, २००७ मध्ये सगळ्यांना कमी, म्हणजे ३० मिलिग्रॅमचाच डोस द्या असं सांगितलं, आणि ३० नोव्हेंबर २००९ रोजी ते टप्प्याटप्प्याने बंदच करा असं स्पष्ट म्हटलं. मग उशीर का झाला? कारण स्टॅव्ह्युडिनचा संच तोवर वर्षाला शंभर डॉलरच्या आत आला होता, आणि त्याच्या जागी येऊ शकणाऱ्या टेनोफोव्हिर या औषधाचा संच त्याच्या दुप्पट वा त्याहून महाग होता. एका माणसाला चांगली गोळी द्यायची, की त्याच पैशांत दोघांना ही गोळी द्यायची, असा हिशेब प्रत्येक गरीब देशासमोर होता. हा हिशेब करणारे अधिकारी निर्दय नव्हते. पण त्याची किंमत ज्यांच्या गालांनी आणि तळपायांनी मोजली, त्यांना तो करताना कुणी विचारलं नव्हतं.

हरलेलं औषध ओळखायचं कसं?

औषध सोसत नाही हे रुग्ण स्वतः सांगू शकतो. औषध हरलं आहे हे मात्र बराच काळ त्याला कळत नाही. आधी रक्तातला विषाणू वाढतो, मग काही महिन्यांनी, कधी वर्षाने, सीडी-फोर घटतात आणि सगळ्यात शेवटी आजार दिसतो. विषाणू थेट मोजणारी व्हायरल लोडची तपासणी श्रीमंत देशांत नेमाने होत होती. आपल्याकडे ती महाग होती आणि मोजक्याच प्रयोगशाळांत होत होती. त्यामुळे सीडी-फोर घसरेपर्यंत वाट पाहायची, मग शंका घ्यायची, मग तपासणीसाठी रक्त पाठवायचं, असा क्रम पडला.

या वाट पाहण्याची शिक्षा विषाणूच्या जनुकांत कोरली जात होती. लॅमिव्ह्युडिनला चुकवायला विषाणूला एकच बदल पुरतो. आपल्या विकराच्या १८४ व्या जागी तो एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं बसवतो. तेवढ्यावर ओळखलं आणि संच बदलला, तर बाकीची औषधं शाबूत राहतात. पण हरलेला संच तसाच चालू ठेवला तर झिडोव्ह्युडिन-स्टॅव्ह्युडिनविरुद्धचे बदल एकावर एक साठत जातात आणि शेवटी त्या घराण्यातली रुग्णाने कधीही न घेतलेली औषधंही निकामी होतात. म्हणजे उशिरा केलेला बदल हा पुरता बदल राहतच नाही. पुण्याच्या भोसरीतली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि इतर संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी भारतीय रुग्णांच्या विषाणूंतला हा औषधविरोध तपासून मांडला, आणि व्हायरल लोडशिवाय कार्यक्रम चालवणं धोक्याचं आहे हे ठळक होत गेलं. तरी देशभर नेमाने ही तपासणी करण्याचा कार्यक्रम सुरू व्हायला २६ फेब्रुवारी २०१८ उजाडावं लागलं.

न्यायालय आणि पेटंट कचेरी

आता २००८ च्या त्या यादीकडे परत येऊ. दुसरा संच महाग होता, कारण त्यात लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर होतं. याची जुनी कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवावी लागे. उष्णतेत टिकणारी गोळी निघाली तेव्हा कुठे ते आपल्यासारख्या देशांत वापरणं शक्य झालं. संच मिळण्यासाठी रुग्णाची कागदपत्रं तज्ज्ञांच्या समितीपुढे जात, समिती व्हायरल लोड मागवी, मग निर्णय होई. सुरुवातीला विदर्भातल्या रुग्णाला ही सोय हवी असेल तर मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ताप अंगावर घेऊन, दोन दिवसांची मजुरी बुडवून केलेला हा प्रवास फुकटच्या औषधाच्या खर्चात कुणी धरत नसे.

केंद्रं पुढे वाढली, पण यादीबाहेरच्यांचं काय? ‘तुम्ही खासगीत चुकीची औषधं घेतलीत, आता सरकार काय करणार,’ हा सूर एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांना मान्य नव्हता. जेव्हा सरकारी औषध नव्हतंच, तेव्हा जगण्यासाठी जे मिळालं ते घेणं हा गुन्हा कसा? प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. पैसा पुरणार नाही हा युक्तिवाद तिथे टिकला नाही आणि डिसेंबर २०१० मध्ये गरज असलेल्या सर्वांना दुसरा संच देण्याची जबाबदारी सरकारवर आली. औषध बदलून मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या दिवशी व्यवहारात उतरलं.

दुसरी लढाई पेटंट कचेऱ्यांत चालू होती. जागतिक व्यापार करारामुळे २००५ पासून भारतात औषधाच्या पदार्थावरही पेटंट देणं भाग पडलं. पण संसदेने कायद्यात दोन वाटा राखल्या : जुन्या औषधाचं नुसतं नवं रूप हे खरोखर अधिक गुणकारी नसेल तर त्याला पेटंट नाही, आणि पेटंट मिळण्याआधीच कुणीही नागरिक त्याला हरकत घेऊ शकतो. मार्च २००६ मध्ये मणिपूरमधल्या आणि देशपातळीवरच्या एचआयव्हीबाधितांच्या संघटनांनी झिडोव्ह्युडिन-लॅमिव्ह्युडिनच्या जोडगोळीच्या पेटंटला हरकत घेतली. दोन जुनी औषधं एकत्र करणं हा शोध नव्हे, असं त्यांचं म्हणणं. कंपनीने अर्ज मागे घेतला. त्याच वर्षी टेनोफोव्हिरच्या अर्जांनाही हरकती गेल्या आणि २००९ मध्ये पेटंट कचेरीने ते अर्ज फेटाळले.

या निर्णयाचं महत्त्व मोठं आहे. स्टॅव्ह्युडिनच्या जागी जे औषध यायचं होतं ते हेच टेनोफोव्हिर. अनेक भारतीय कंपन्या ते बनवू शकल्या, भाव उतरले, आणि २००९ मध्ये जो बदल फार महाग वाटत होता तो चार-पाच वर्षांत आवाक्यात आला. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाविरेन्झ यांची रोज रात्री घ्यायची एकच गोळी, केंद्रांतल्या भाषेत ‘टीएलई’, भारतात नव्या रुग्णांसाठी पहिला संच ठरली. ज्यांनी ही हरकत लिहिली त्यांतले पुष्कळजण स्वतः जुन्या गोळ्यांवर होते. आपल्याला हवी ती गोळी स्वस्त व्हावी म्हणून रुग्णांनी पेटंट कायद्याची कलमं वाचली, युक्तिवाद केले आणि जिंकले. भारतीय वैद्यकाच्या इतिहासात ही घटना ठसठशीत अक्षरांत लिहिली जायला हवी.

स्त्रियांना कुणी विचारलं?

‘टीएलई’नेही आपलं काही मागितलंच. एफाविरेन्झ घेतलेल्यांना पहिले काही आठवडे गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, काहींचं मन खचायचं. रात्रपाळीचा कामगार, लांब पल्ल्याचा ड्रायव्हर यांना ते फार जड जाई. दुसऱ्या संचात पुढे आलेल्या अटाझनाव्हिरने डोळे पिवळे होत. यकृत बिघडलेलं नसे, पण शेजारीपाजारी कावीळ झाली का विचारत. चांगल्या औषधाची गरज संपलेली नव्हती.

ते औषध डोल्युटेग्रॅव्हिर. अमेरिकेत ऑगस्ट २०१३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते विषाणूला आपल्या पेशीच्या जनुकांत शिरू देत नाही, झपाट्याने काम करतं, आणि त्याला हरवणं विषाणूला फार अवघड जातं. या वेळी गरीब देशांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं नाही. २०१४ मध्ये पेटंटधारक कंपनीने सामायिक परवाना दिला, भारतीय कंपन्या बनवू लागल्या, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये टेनोफोव्हिर-लॅमिव्ह्युडिन-डोल्युटेग्रॅव्हिरची गोळी, म्हणजे ‘टीएलडी’, वर्षाला ७५ डॉलरच्या आसपास देण्याचा करार झाला.

तेवढ्यात मे २०१८ मध्ये आफ्रिकेतल्या बोट्स्वानाहून धक्कादायक बातमी आली. तिथे जन्मणाऱ्या बाळांची एक मोठी पाहणी चालू होती. गर्भ राहताना डोल्युटेग्रॅव्हिर घेत असलेल्या ४२६ स्त्रियांपैकी चौघींच्या बाळांत मेंदू-मणक्याच्या नळीचा जन्मदोष आढळला. इतर औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण हजारी एक होतं. अनेक देशांनी मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना हे औषध द्यायचं थांबवलं. पुरुषांना नवी गोळी आणि बायकांना जुनी, असा भेद तयार झाला.

त्याला उत्तर दिलं ते स्त्रियांनीच. जुलै २०१८ मध्ये रवांडातल्या किगालीत १८ आफ्रिकी देशांतल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रिया जमल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : धोका काय तो आम्हाला सांगा, गर्भनिरोधकं द्या आणि निवड आमच्यावर सोडा, आमच्या वतीने आमची गोळी ठरवू नका. पाहणी पुढे चालू राहिली तसतसा तो आकडा उतरत गेला. वर्षभरात दर हजारी तीनवर आला, जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांसाठी डोल्युटेग्रॅव्हिरची शिफारस केली, आणि २०२२ पर्यंत तो इतर औषधांच्या बरोबरीला येऊन ठेपला. भीतीचा पाया छोट्या आकड्यावर होता. पण त्या आकड्यापेक्षा मोठा धडा किगालीच्या मागणीत होता.

भारतात २०२० पासून जुन्या संचांवरच्या रुग्णांना टप्प्याटप्प्याने ‘टीएलडी’वर आणलं गेलं. इतक्या मोठ्या संख्येने एकाच दिशेने औषध बदलण्याची ही आपल्या आरोग्यसेवेतली विरळा घटना, आणि तीही कोविडच्या धामधुमीत. टीबीची औषधं चालू असलेल्यांना डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा द्यावं लागतं, कारण रिफॅम्पिसिन इथेही आड येतं. काहींचं वजन वाढतं आणि साखरेकडे लक्ष ठेवावं लागतं. कुठलीच गोळी निर्दोष नाही, हे या इतिहासाने पुरतं शिकवलं आहे.

जिंकलेलं टिकवायचं आहे

२०२१ मध्ये युगांडा, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या ४६४ रुग्णांवरच्या ‘नाडिया’ चाचणीचे निकाल आले. पहिला संच हरल्यावरही, विषाणूने टेनोफोव्हिरविरुद्ध बदल केलेले असतानाही, डोल्युटेग्रॅव्हिरच्या जोडीला टेनोफोव्हिर तसंच ठेवलं तर चालतं, असं त्यांतून दिसलं. म्हणजे कधी बदलायचं याबरोबरच काय बदलायचं नाही, हेही आता पुराव्यानिशी कळू लागलं आहे. ज्ञान एवढं पुढे गेलं आहे.

यंत्रणा मात्र अजून मागे पडते. २०२२ च्या जुलैत औषधांच्या तुटवड्याविरुद्ध रुग्ण दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात धरणं धरून बसले आणि महिनाभराहून अधिक काळ बसून राहिले. ज्याच्या हातात महिन्याऐवजी चार-पाच दिवसांच्याच गोळ्या पडतात, ज्याला साठा नाही म्हणून एका केंद्रातून दुसरीकडे पाठवलं जातं, त्याच्याही गोळ्या बदलतातच, पण रुग्णाच्या गरजेने नव्हे, गोदामाच्या सोयीने. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने उपचार देण्याचं कर्तव्य सरकारवर टाकलं, पण ‘शक्य तितक्या प्रमाणात’ अशी मेख मारून ठेवली. संघटनांनी तेव्हाच त्याला हरकत घेतली होती, आणि ती रास्त होती.

आज देशात १७ लाखांहून अधिक माणसं सरकारी केंद्रांतून ही औषधं घेतात. त्यांतले पुष्कळजण स्टॅव्ह्युडिनच्या काळापासूनचे आहेत. त्यांनी चार-चार वेळा गोळ्या बदलल्या आहेत आणि पुढेही बदलतील. त्यांना प्रत्येक वेळी तीन गोष्टी मिळायला हव्यात : वेळेवर व्हायरल लोड, हाताशी असलेलं पर्यायी औषध, आणि गोळी का बदलतो आहोत हे समोर बसून नीट सांगणारा माणूस. यांतली एकही गोष्ट अप्राप्य नाही; प्रत्येक गोष्ट या देशात कुठे ना कुठे घडलेली आहे. ती सगळीकडे आणि दर महिन्याला घडवणं हेच आता राहिलेलं काम आहे. जिवंत राहिलात यात समाधान माना, असं एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्याने चांगल्या गोळीची मागणी केली म्हणूनच चांगली गोळी आली.